कथाईन उनात?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला हल्ला झाला आणि दोनच दिवसांत केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्याचा आदेश काढला. मग जिल्ह्याजिल्ह्यांतून याद्या मागवल्या गेल्या. त्यात जळगावचेही नाव आले तेव्हा बाहेरच्यांनी भुवया उंचावल्या. सीमा नाही, बंदर नाही, मग केळी-कापसाच्या या मुलखात पाकिस्तानी पासपोर्टवाले आले कुठून? जळगावकरांना मात्र हा प्रश्न पडला नाही. सिंधी कॉलनीत कुणाचे मामा, कुणाची सून सिंधमधून आलेली असते, वर्षानुवर्षे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहते, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. अशा व्हिसावरच्या हिंदूंना तो आदेश लागू नाही, हेही लगेच स्पष्ट करण्यात आले. त्याआधी, मार्च २०२४ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम आले होते. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना त्यात अर्जाची वाट मिळाली. त्यानंतर आलेले अजून जुन्याच रांगेत आहेत.

ही कॉलनी इथे कशी आली, हे समजून घ्यायचे तर १९४७ पाशी जावे लागते. आणि खान्देशने तिला सामावून कसे घेतले हे समजून घ्यायचे तर त्याच्याही फार मागे.

अहिराणी मुलखात परक्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो हा: ‘कथाईन उनात?’ कुठून आलात? मात्र विचारणारी भाषाच मुळात वाटसरू आहे. अहिराणी हे नाव अहिरांचे, म्हणजे जुन्या आभीरांचे. त्यांच्या ईश्वरसेन राजाचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. अहिराणीतला ‘शे’ (आहे) गुजरातीतल्या ‘छे’ला भेटतो, ‘दिधं’ आणि ‘लिधं’ तर जणू सुरतेच्या गाडीतूनच उतरलेत. भाषांची सर्वेक्षणे करताना ग्रिअर्सनने खान्देशी मराठीच्या खंडात घातली नाही, भिल्लीच्या शेजारी ठेवली. आपल्याकडच्या काहींना त्याचा अजून राग आहे. मला तो निर्णय चूक-बरोबरपेक्षा बोलका वाटतो.

पूर्वेकडे रावेर, यावल, भुसावळ भागात लेवा पाटीदार समाज. आपले पूर्वज गुजरातेतून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. शहादा-तळोद्याकडे गुजर समाज आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) असोद्याच्या. खान्देशच्या मातीचा आवाज म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्या अशा स्थलांतराची आठवण जपणाऱ्या समाजातल्या. किती पिढ्या झाल्या की माणूस मातीतला होतो, याचे उत्तर खान्देशात कुणी पिढ्या मोजून देत नाही.

मधल्या काळात मुलूख ओसही पडला होता. १८०२ ते १८०४ मध्ये होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि पाठोपाठ दुष्काळ यांनी गावेच्या गावे उठवली. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले, तेव्हा सरकारला जमिनीपेक्षा माणसांची वाण होती. मग सवलतीच्या दराने जमीन, तगाई म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज, नवे कुळवाडी. १८६० च्या दशकात मुंबईहून रेल्वे भुसावळला पोचली, त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि जळगाव हे कापसाची बाजारपेठ झाले. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले. १८५७ नंतर उत्तरेकडून उठलेले मोमीन विणकर मालेगाव-धुळ्याला हातमाग घेऊन आले. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना काढणारे प्रेमजी कच्छी खोजा, पुढे त्यातूनच विप्रो निघाली. ठिबकवाले भवरलालजी जैन वाकोदचे, घराणे मात्र राजस्थानातल्या आगोलाईचे. या व्यापारी-कारागिरांपैकी एकालाही कुठल्या सरकारी खात्याने ‘सामावून’ घेतले नव्हते. बाजाराने घेतले.

म्हणून १९४७-४८ मध्ये सिंधी आले तेव्हा पायवाट आधीच मळलेली होती. फरक एवढाच की आधीचे बहुतेक लोक पोट भरायला आले होते, हे जीव वाचवून.

त्यांची गोष्ट पंजाब्यांपेक्षा वेगळी. पंजाबची फाळणी झाली, म्हणजे निम्मा पंजाब इकडे राहिला, आणि तिकडे गेलेल्यांची शेतीवाडी इकडे आलेल्यांना मिळाली. सिंध आख्खा गेला. १९४१ च्या शिरगणतीत तिथे बारा लाखांच्या आसपास हिंदू होते, आणि त्यांच्या भाषेचा तळहाताएवढाही प्रांत भारतात उरला नाही. विचित्र म्हणजे १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची आणि धुळे जवळपास नव्वद वर्षे एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होते. अकरा-बारा वर्षांपूर्वी ज्या इलाख्याचे आपण रहिवासी होतो, त्याच इलाख्यात ही माणसे निर्वासित म्हणून उतरली.

६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबलेलेही निघाले. कुणी बोटीने मुंबईला, कुणी मीरपूरखासहून रेल्वेने मारवाडात. मुंबई सरकारने कल्याणजवळच्या लष्करी छावण्या उघडल्या, १९४९ मध्ये त्यांचेच उल्हासनगर झाले. पण तिथे दाटी फार आणि रोजगार थोडा. त्याच सुमारास सरकारने निर्वासितांसाठी कायदा करून त्यांची नोंदणी आणि राहण्याची जागा आपल्या हातात ठेवायचा प्रयत्न केला. यजमानाचा सूर ‘या, बसा’पेक्षा ‘इथे सगळेच नका येऊ’ असाच होता. निर्वासित हा शब्दही अनेकांना बोचायचा. आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत, असे ते म्हणत.

कायदा असूनही अनेकांनी कल्याणहून भुसावळची गाडी पकडली. तिकडे जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथे कापडाच्या गिरण्या होत्या आणि गावोगाव आठवडे बाजार भरत होते. भांडवल नसलेल्या माणसाला याहून काय हवे? गिरणीचे कटपीस घ्यायचे, गाठोडे खांद्यावर टाकायचे, आज पारोळा, उद्या धरणगाव. कमी नफा, जास्त खप, आणि पिकावर उधारी. शेवटची गोष्ट महत्त्वाची. कापूस विकला गेला की पैसे, ही बोली समजली की शेतकऱ्याच्या ओट्यावर बसायला जागा मिळते. जुन्या दुकानदारांना हे अर्थातच रुचले नाही. भाव पाडतात, माल हलका देतात, अशा तक्रारी झाल्या, काही खऱ्याही असतील. गिऱ्हाईक मात्र ज्याच्याकडे स्वस्त आणि उधार, त्याच्याकडे गेले.

आणि भाषा. दुकानाच्या गादीवर बसून ‘ये ना बहीन, बठ’ म्हणणारा सिंधी दुकानदार धुळ्या-अमळनेरात नवलाचा नव्हता. ‘कितलाले शे?’ या प्रश्नाला त्याच बोलीत उत्तर देता आले नाही, तर लग्नसराईचा बस्ता हातचा जातो. घासाघीस करता करता शिकलेली भाषा पक्की बसते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. वसाहतींना जागा मिळाल्या, पुढे १९५४ च्या कायद्याने सिंधमध्ये सोडलेल्या मालमत्तेचे ‘क्लेम’, म्हणजे भरपाईचे दावे, मंजूर झाले. पण क्लेम मूळ मालमत्तेचा एक अंश, तोही कागदपत्रे असतील तर. पळताना सातबारा कोण बरोबर घेतो? जळगावचे कंवरनगर, धुळ्याचे कुमारनगर अशी वस्ती हळूहळू पक्क्या घरांची झाली. सिंधी नववर्षाची, चेटीचंडची मिरवणूक गावच्या सणांत जाऊन बसली. दाल-पकवानाच्या गाड्यावर आता रांगेत मराठीच जास्त दिसतात, आणि सिंधी घरात शेवभाजी-भरिताला कुणी परके समजत नाही.

हा हिशेब एका बाजूचा झाला. दुसऱ्या बाजूला सिंधी भाषा आहे. १९६७ मध्ये तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण अरबी लिपी की देवनागरी या वादात शाळा मागे पडल्या. आजोबा अरबी लिपीत वही लिहीत, नातू सिंधी समजतो आणि हिंदीत उत्तर देतो. सामावले जाणे ज्याला म्हणतात त्यात असे काहीतरी कायमचे देऊन टाकावे लागते. यजमान समाजाकडून तेवढे क्वचितच मागितले जाते.

आता जी बाजू आम्ही खान्देशी मंडळी सोयीने विसरतो. ज्यांनी उधारी दिली ते सामावले. ज्यांना उधारी घ्यावी लागली त्यांचे काय? इथे सगळ्यांच्या आधीपासून असलेल्या भिल्लांनाच इंग्रजांनी ‘वसवायला’ घेतले. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. हत्यार टाका, नांगर धरा, जमीन आणि तगाई घ्या, असा एकूण बेत. आलेल्यांनी आधीच असलेल्यांना स्थायिक करायचे, असा हा उलटा संसार. नांगर धरलेल्यांच्या जमिनीही पुढे गहाण पडत गेल्या. शहादा भागात दीडशे वर्षांनी भिल्ल आपल्याच बापजाद्यांच्या शेतात सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचा शेतमजूर होता. १९७०-७२ च्या सुमारास आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना उभी राहिली ती याच जमिनींसाठी. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, त्याला या चळवळीची पार्श्वभूमी होती. वर सांगितलेले बाजाराचे कौतुक इथे येऊन अडते. बाजार ज्याच्याकडे काही विकायला आहे त्यालाच दार उघडतो, आणि ज्याच्याकडे फक्त जमीन आहे त्याची जमीन घेऊन मोकळा होतो.

सर्वांत अलीकडचे निर्वासित तर याच खान्देशातले. सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली, पहिले मणिबेली. १९९० च्या दशकात तळोदा तालुक्यातली जंगलाची जमीन मोकळी करून तिथे वसाहती आखल्या गेल्या. काही कुटुंबे गुजरातेत गेली. तळोद्याची ती जमीन काही मोकळी पडलेली नव्हती, तिथले आदिवासी ती आधीपासून कसत होते. सरकारने एका गरिबाचे पुनर्वसन दुसऱ्या गरिबाच्या शेतात केले, आणि भांडण व्हायचे ते झाले. या लोकांना नवी भाषा शिकायची नव्हती की नवा देश. तरी सातपुड्याच्या डोंगरातून सपाटीवर आल्यावर हंगाम बदलला, नदी गेली, मोहाची झाडे गेली. आणि बाजारात त्यांनाही तोच प्रश्न विचारला गेला, कथाईन उनात?

तळोद्याकडे जाताना दोन वसाहतींचे फलक दिसतात, रेवानगर आणि नर्मदानगर. नदी तिथून सातपुड्याच्या पलीकडे आहे. जळगावच्या कंवरनगराला नाव आहे ते संत कंवररामांचे. ते १९३९ मध्ये सिंधमधल्या रुक स्टेशनवर मारले गेले, जळगावची वसाहत होण्याच्या कितीतरी आधी.