कारकुनाच्या वाट्याचं प्रशिक्षण: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात आज 116 सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांचा कारभार 73 कॉलेज-जिल्हे, म्हणजे एक किंवा अनेक कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्था, पाहतात. बारावीनंतरची पहिली दोन वर्षं, नर्सिंगपासून वेल्डिंगपर्यंतचे धंदेशिक्षणाचे कोर्स, नव्यानं आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग, असं सगळं इथे स्वस्तात मिळतं. बे एरियातल्या मराठी घरांना क्युपर्टिनोचं डी आन्झा नवं नाही. पण अशा कॉलेजात नोकरीला लागलेल्या माणसानं पुढे सरकायचं कसं? तो वर्गात शिकवतो की प्रवेशाच्या खिडकीमागे बसून फॉर्म तपासतो, यावर ते अवलंबून असतं. हा भेद कुणी एका बैठकीत ठरवलेला नाही. शतकभरात कायद्यांवर कायदे साचत गेले आणि त्यातून तो पक्का झाला.

1907 मध्ये राज्याचे सिनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या पुढाकारानं कायदा झाला आणि हायस्कुलांना कॉलेजच्या पातळीचे वर्ग चालवायची मुभा मिळाली. तीन वर्षांनी, 1910 मध्ये, फ्रेस्नोनं त्याचा पहिल्यांदा फायदा घेतला. म्हणजे ही कॉलेजं विद्यापीठातून नव्हे, शाळेतून उगवली, आणि नोकरीचे नियमही शाळेचेच घेऊन आली. शिक्षकाला राज्याचा परवाना लागायचा. बाकीचे सगळे, म्हणजे कारकून, सफाई कामगार, माळी, प्रयोगशाळा सहायक, ‘क्लासिफाइड’ या एका खात्यात जमा झाले. आपल्याकडच्या भाषेत शिक्षकेतर कर्मचारी.

या मंडळींची संघटना तशी जुनी. 1927 मध्ये ओकलंडच्या शाळांमधल्या सफाई कामगारांनी म्हातारपणाच्या पेन्शनच्या मागणीसाठी एकत्र येऊन ती उभी केली आणि पुढे ती राज्यभर पसरली. 1930 च्या दशकात वशिल्यानं होणाऱ्या भरतीला आणि मनमानी बडतर्फीला आळा घालण्यासाठी गुणवत्तेवर भरतीचा कायदा आला. परीक्षा द्या, यादीत या, मग नेमणूक. त्याकाळी ही फार मोठी गोष्ट होती. मात्र या व्यवस्थेत बढती पदाला बांधलेली राहिली, आणि माझ्या मते पुढची बरीचशी कोंडी इथेच सुरू होते.

पगाराचा तक्ता समोर ठेवला की हे लगेच दिसतं. शिक्षकाच्या तक्त्यात खाली उतरणाऱ्या पायऱ्या असतात त्या नोकरीच्या वर्षांच्या, आणि आडवे रकाने असतात ते शिक्षणाचे. एमए झाल्यावर आणखी काही विद्यापीठीय क्रेडिट मिळवली की तो पुढच्या रकान्यात जातो. काम तेच, वर्ग तोच, पगार जास्त. शिवाय ठरावीक वर्षांनी अभ्यासरजा मागता येते. कारकुनाच्या तक्त्यात बहुतेक ठिकाणी मोजक्या पायऱ्या असतात. त्या काही वर्षांत चढून झाल्या की तो त्या श्रेणीच्या माथ्यावर पोचतो आणि तिथेच थांबतो. मग वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहायची, नाहीतर आपल्या कामाचं स्वरूप बदललं आहे हे सिद्ध करून पदाचं फेरवर्गीकरण मागायचं. त्यानं रात्रीच्या वर्गांना जाऊन पदवी घेतली तरी तिचा पगाराशी आपोआप संबंध जुळत नाही.

1960 च्या मास्टर प्लॅननं विद्यापीठ, स्टेट कॉलेजं आणि ही दोन वर्षांची कॉलेजं अशी तीन थरांची रचना ठरवली. 1967 मध्ये या कॉलेजांसाठी राज्याचं स्वतंत्र नियामक मंडळ स्थापन झालं. तो देशभरच भरभराटीचा काळ होता. आठवड्याला एक नवं कॉलेज उघडतंय असं म्हटलं जायचं. एवढी कॉलेजं चालवायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न होता. केलॉग फाउंडेशननं 1960 च्या सुमारास यूसीएलए, टेक्सास अशा विद्यापीठांना कॉलेजप्रमुख घडवण्यासाठी पैसा दिला. 1967 च्या केंद्रीय कायद्यानं शिक्षकांच्या प्रशिक्षणाला हात दिला. प्राचार्यांचं झालं, प्राध्यापकांचं झालं. खिडकीमागच्या माणसाचा विचार या योजनांमध्ये क्वचितच होता.

त्यात भर 1961 च्या एका कायद्याची. चालू शैक्षणिक खर्चातली निदान निम्मी रक्कम वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर गेली पाहिजे, असं तो सांगतो. हेतू चांगला होता, प्रशासनाचा फुगवटा रोखायचा. पण या हिशेबात ग्रंथपाल आणि समुपदेशकसुद्धा उलट्या बाजूला मोजले जातात, कारकून तर जातातच. साहजिकच शिक्षकेतरांवर, त्यांच्या प्रशिक्षणावर किंवा नव्या पदांवर खर्च वाढवायचा म्हटलं की हिशेबनीस आधी हा पन्नास टक्क्यांचा आकडा तपासतो. कायदा अजूनही लागू आहे.

मग 1978 चं प्रपोझिशन 13 आलं, म्हणजे मतदारांनी थेट मतदानानं मंजूर केलेला प्रस्ताव. मालमत्ता करावर मर्यादा आली, स्थानिक उत्पन्न आटलं आणि कॉलेजांची नाळ राज्याच्या तिजोरीला बांधली गेली. राज्याची तिजोरी मंदीत आकसते, आणि आकसली की काटछाटीत प्रशिक्षणाचा पैसा सगळ्यात आधी सापडतो, कारण तो कापल्यानं दुसऱ्या दिवशी एकही वर्ग बंद पडत नाही.

या सगळ्याला वळण दिलं ते 1988 च्या विधेयक क्रमांक 1725 नं. जॉन व्हॅस्कॉन्सेलोस यांनी मांडलेल्या आणि गव्हर्नर डुकमेजियन यांनी सही केलेल्या या कायद्यानं शाळेचा वारसा बऱ्याच अंशी पुसला. शिक्षकाचा परवाना जाऊन किमान पात्रता आली. बहुतेक शैक्षणिक विषयांना पदव्युत्तर पदवी. (भारतातली पदवी असेल तर तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं.) कॉलेजातल्या अध्यापकांच्या सिनेटला, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधी मंडळाला, अधिकार मिळाले, आणि सिनेटशी सल्लामसलत सक्तीची असलेल्या विषयांमध्ये अध्यापकांचं प्रशिक्षण नाव घेऊन नमूद झालं. सोबत ‘फॅकल्टी अँड स्टाफ डेव्हलपमेंट फंड’ सुरू झाला, राज्यभरासाठी वर्षाला सुमारे 50 लाख डॉलरचा. नावात ‘स्टाफ’ होता, त्यामुळे शिक्षकेतरांना कागदावर का होईना, पहिल्यांदा जागा मिळाली. पण कशावर खर्च करायचा याची यादी पाहिली तर सुरुवातच अध्यापन सुधारण्यापासून होते.

आपल्याकडेही तेव्हा हेच चाललं होतं, हे विशेष. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनं 1987 पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. ओरिएंटेशन, रिफ्रेशर, आणि त्यांच्या प्रमाणपत्रांवर प्राध्यापकांची बढती. त्याच इमारतीत काम करणाऱ्या हेडक्लार्कसाठी असं काही नव्हतं. महाराष्ट्रातल्या शिक्षकेतरांची लढाई पुढे ‘आश्वासित प्रगती योजने’भोवती, म्हणजे बढती नाही तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेभोवती, फिरत राहिली, 2023 च्या फेब्रुवारीतल्या त्यांच्या संपात ती प्रमुख मागणी होती.

कॅलिफोर्नियातला तो निधी फार टिकला नाही. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याची आर्थिक तंगी सुरू झाली आणि त्यात तो शून्यावर आणला गेला. उरली ती ‘फ्लेक्स’ची सोय. वर्षाच्या 175 अध्यापन दिवसांपैकी जास्तीत जास्त 15 दिवस प्रशिक्षणासाठी वापरायला ती परवानगी देते. वर्ग भरत नाहीत, शिक्षकांना पगार चालू राहतो, कार्यशाळा होतात. फ्लेक्स हे अध्यापनाच्या दिवसांच्या बदल्यात मिळतं, त्यामुळे ते मुळातच अध्यापकांचं. नोंदणी खिडकी मात्र त्या दिवशीही उघडी ठेवावी लागते, आणि तिथला माणूस कार्यशाळेला येऊ शकत नाही. आता बरीच कॉलेजं शिक्षकेतरांसाठी वेगळा दिवस ठेवतात. तो कायद्यानं नव्हे, प्राचार्यांच्या मर्जीनं.

2014 च्या विधेयक क्रमांक 2558 नं जुन्या निधीचा कायदा नव्यानं लिहिला आणि प्रशिक्षण हे अध्यापक आणि शिक्षकेतर दोघांसाठी असल्याचं स्पष्ट केलं. पैसा मात्र कायद्याबरोबर आला नाही. नंतर तो आला तोही तुकड्यातुकड्यानं, एखाद्या वर्षाच्या अर्थसंकल्पात एकरकमी. एकरकमी पैशातून सॉफ्टवेअर शिकवता येतं, परिषदेला पाठवता येतं. बढतीची नवी पायरी बांधता येत नाही, कारण तिचा पगार दरवर्षी द्यावा लागतो.

अर्धवेळ अध्यापकांची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे, इथे एवढंच. ते अध्यापक असले तरी शिक्षकांच्या शिडीवर फारसे नाहीत. एका जिल्ह्यात पूर्ण कामाच्या 60 टक्क्यांहून जास्त तास देता येत नसत. 2008 च्या कायद्यानं ही मर्यादा 67 टक्के केली. पोट भरायला दोन-तीन जिल्ह्यांत शिकवावं लागतं, म्हणून त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे समजावून सांगायला नको. 75 टक्के अध्यापन पूर्णवेळ शिक्षकांनी करावं हे 1988 चं उद्दिष्ट राज्यभरात कधीच गाठलं गेलं नाही.

मग शिक्षकेतराला प्रत्यक्षात जे मिळतं ते कुठून मिळतं? मुख्यतः 1975 च्या रॉडा कायद्यातून, आणि त्यात प्रशिक्षणाची योजना अशी काहीच नव्हती. अल्बर्ट रॉडा हे स्वतः सॅक्रामेंटोच्या कॉलेजात शिकवलेले आमदार. त्यांच्या कायद्यानं शाळा-कॉलेजांतल्या कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क दिला. पदवीसाठी फीचा परतावा, कामाच्या वेळेत वर्गाला जाण्याची सवलत, फेरवर्गीकरणाचा अर्ज कधी आणि कुणाकडे करायचा, या गोष्टी तेव्हापासून करारनाम्यात लिहिल्या जाऊ लागल्या. करार जिल्ह्यागणिक वेगळा. एका जिल्ह्यात कारकुनाला आठवड्यातले काही तास अभ्यासाला आणि वर फीचे पैसे मिळतात. शेजारच्या जिल्ह्यात त्याच पदावरची बाई तोच कोर्स स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या रजेत करते.