जुन्या टपाल तिकिटांची पारख

जुने टपाल तिकीट अस्सल आहे, फेरफार केलेले आहे की बनावट आहे, हे कागद, छपाई, दाते, डिंक आणि शिक्का यांवरून ठरविण्याचे तंत्र. मुळापासून खोटे छापलेले तिकीट सरावलेल्या नजरेला लवकर खटकते. फसवते ते दुसरेच: तिकीट खरे, पण स्वस्त, आणि त्यावर कुणीतरी हात फिरवून ते महाग केलेले. भारतीय तिकिटांत या दोन्ही प्रकारांची उदाहरणे भरपूर सापडतात.

आशियातील पहिली चिकटवायची तिकिटे म्हणजे ‘सिंध डाक’. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर (हेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले) यांनी ती १ जुलै १८५२ रोजी सुरू केली. किंमत अर्धा आणा, आकार गोल, मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारचिन्ह. लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठवलेले होते आणि ते सहज तडकत असे. त्यामुळे कोरेकरकरीत, एकही चीर नसलेले लाल सिंध डाक कोणी दाखवले, तर आनंदाआधी शंका यावी. पांढऱ्यात रंगच नव्हता, नुसता उठाव. निळ्यात उठावाला रंगाची जोड होती. नकलांमध्ये उठाव बहुधा बोथट येतो. ऑक्टोबर १८५४ मध्ये देशभर चालणारी तिकिटे आली आणि सिंध डाक बंद झाले. म्हणून त्यानंतर बऱ्याच काळाने मारलेला शिक्का त्यावर दिसला तर तोही तपासण्यासारखा.

१८५४ च्या त्या तिकिटांपैकी अर्धा, एक आणि चार आण्यांची कलकत्त्यात शिळाछापाने, म्हणजे दगडावर ठसा उतरवून, छापली. चार आण्याचे तिकीट दुरंगी आहे: लाल चौकट, निळे राणीचे मस्तक. रंग दोन वेळा चढवायचे असल्याने काही प्रतींत मस्तक उलटे पडले, आणि हीच चूक भारतीय तिकिटांतली सर्वांत प्रसिद्ध चूक ठरली. येथे परीक्षकाला दगडच मदत करतो. दगडावर उतरवलेल्या प्रत्येक ठशात बारीक तुटलेली रेघ, एखादा ठिपका असे स्वतःचे दोष असतात. ते छापील तावातल्या एका ठरावीक जागेशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर उलट्या मस्तकाचे कौतुक नको.

पुढची तिकिटे डी ला रू या इंग्लंडच्या छापखान्याने छापली, आणि येथून जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, उपयोगी पडते. १८६५ च्या तिकिटांत हत्तीचे डोके, १८८२ पासूनच्यांत चांदणी. पाचव्या जॉर्जच्या लंडनी तिकिटात एकच चांदणी असते, तर १९२६ पासून नाशिकच्या छापखान्यात छापलेल्यांत लहान लहान चांदण्यांची जाळी. तिकीट काळ्या ताटलीत पालथे ठेवून बेंझिनचे दोन थेंब टाकले की चिन्ह वर येते. फोटोग्रेव्ह्युअर (कोरलेल्या साच्यावरून छायाचित्रासारखी) छपाईच्या तिकिटावर मात्र हा प्रयोग जपून, शाई बिघडू शकते. दात्यांचे माप दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात यावर ठरते. दाते कापून ‘बिनदाती’ केलेले तिकीट ओळखायचे तर समास पाहावा, कापल्याने तो अरुंद होतो; पण मुळातच समास रुंद असेल तर हे कळत नाही. म्हणूनच जाणकार बिनदाती तिकीट जोडीत असले तरच मानतात. कडेला नवे दाते पाडलेले असतील तर ती बाजू इतर तीन बाजूंपेक्षा जास्तच नीटनेटकी दिसते. पुन्हा लावलेला डिंक छिद्रांतून आत शिरून टोकांवर कडक होतो. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली कागद निळसर चमकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळलेली उजळवणारी द्रव्ये आहेत, आणि तिकीट व्हिक्टोरिया राणीचे असेल तर प्रश्न संपला. पेनाने खोडलेली तिकिटे रसायनाने धुऊन ‘न वापरलेली’ केली जातात. शाईचा माग याच दिव्यात दिसू शकतो.

वरून छापलेले शब्द हा बनावटकारांचा आवडता धंदा. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानासाठी ब्रिटिश भारतीय तिकिटांवर ‘ग्वालियर’ ही नागरी अक्षरे आणि इंग्रजी नाव छापत. अक्षरांची लांबी, जाडी, दोन ओळींतील अंतर सारे नोंदवलेले आहे. पण खरी परीक्षा गांधींच्या दहा रुपयांच्या तिकिटाची. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेला चार तिकिटांचा हा संच स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉजिए छापखान्यात छापला गेला. दहा रुपयांच्या अवघ्या १०० प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ असा इंग्रजी शब्द वरून छापला. २०१७ मध्ये अशा चारांची पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली. साध्या तिकिटावर एक शब्द चढवला की कमाई, मग मोह कोणाला होणार नाही! भिंगाखाली पाहावे ते असे: वापरलेल्या तिकिटावर टपालाच्या शिक्क्याची शाई ‘सर्व्हिस’च्या वरून गेली पाहिजे. शिक्का खाली आणि शब्द वर असेल, तर तिकीट आधी टपालात जाऊन आले आणि शब्द मागाहून आला. तिकीटच मुळात खोटे असेल तर फोटोग्रेव्ह्युअरच्या बारीक जाळीऐवजी साध्या ऑफसेटचे ठिपके दिसतात.

महागड्या तिकिटाला तज्ज्ञ समितीचा दाखला घेतात; लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीची अशी समिती १८९४ पासून काम करते. दाखल्यावर तिकिटाचे छायाचित्र असते. खऱ्या दाखल्यासोबत दुसरेच तिकीट खपवण्याचा प्रकारही होतो, तेव्हा शिक्क्याची रेघ अन् रेघ आणि कडेचे दाते छायाचित्राशी ताडून मगच पैसे द्यावेत.