गळ्यातल्या चार दाण्यांची गोष्ट

१८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा मेला. त्याचं शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला चिकटलेली एक छोटी पिवळसर गाठ दिसली. माणसाच्या गळ्यात अशा ग्रंथी असतात हे १८८० मध्ये लिहून ठेवलं ते स्वीडनमधल्या उप्सालाच्या ईवार सांडस्ट्रम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने. याच पॅराथायरॉइड. बहुधा चार, मसुराच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्यातली एखादी चेकाळली की हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. हाडं ठिसूळ होतात, मुतखडे होतात.

आधी मात्र डॉक्टरांचा समज नेमका उलटा होता: हाडं बिघडली म्हणून ग्रंथी वाढते. त्यामुळे व्हिएन्नाचे सर्जन फेलिक्स मांडल यांनी हाडांच्या याच दुखण्याने बेजार झालेल्या अल्बर्ट नावाच्या ट्राम-कंडक्टरला आधी चक्क दुसऱ्याची ग्रंथी बसवली! गुण येईना, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी गळा उघडून वाढलेली गाठच काढली. अल्बर्ट पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी दुखणं उलटलं, ते वेगळं.

मला जास्त चटका लावतो तो अमेरिकन जहाजाचा कप्तान चार्ल्स मार्टेल. सहा फुटांहून उंच गडी, मणके खचून जवळजवळ सात इंचांनी बुटका झाला. निदान पक्कं होतं, गाठ मात्र सापडेना. १९२६ पासून सहा शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी त्याने स्वतःच पुस्तकं वाचली आणि, ही ग्रंथी कधीकधी छातीतही असते म्हणून, छाती उघडून बघा असा हट्ट धरला. १९३२ मध्ये बोस्टनला सातव्या खेपेस एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप या सर्जनांना गाठ सापडली, ती छातीतच. पण तोवर मूत्रपिंडांचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. दीड महिन्याने मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला.

१९६३ मध्ये बर्सन आणि यॅलो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या ग्रंथींचं हार्मोन, म्हणजे पीटीएच, रक्तात मोजून दाखवलं. १९८९ च्या सुमारास सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढलेलं चित्र) आला आणि गाठ कुठे दडली आहे याचा अंदाज बऱ्याचदा आधीच बांधता येऊ लागला. आपल्याकडे मात्र आजही कित्येकांचं निदान हाड मोडल्यावर किंवा मुतखडा झाल्यावरच होतं.

पीटीएच रक्तात काही मिनिटांतच ओसरतं. म्हणून अनेक ठिकाणी गाठ काढल्यावर सर्जन लगेच टाके घालत नाही. दहा मिनिटांनी रक्त घेतात, आणि आकडा निम्म्यावर आला की मगच गळा शिवतात.