तलावातले तण, तलावातला मासा : दीडशे वर्षांचा न मिटलेला हिशेब

तलाव वनस्पतींनी भरून गेला की काठावरच्या सगळ्यांची मागणी एकच असते, साफ करा. होडी पुढे जात नाही, जाळे अडकते, गळ पानात गुंततो, त्यामुळे मासेमारही त्यात असतात. तलाव खरोखरच कोरा करकरीत झाला की काही वर्षांत दुसरी तक्रार सुरू होते, की मासा उतरला. या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे कळायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला, कारण तण काढण्याचा निर्णय सुरुवातीपासून माशांसाठी घेतलाच जात नव्हता.

या प्रकरणाची सुरुवात बहुधा जलपर्णीपासून सांगितली जाते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अमेरिकेत पसरली ती १८८४च्या न्यू ऑर्लिन्स प्रदर्शनानंतर, असे मानतात. जांभळट फुलांच्या मोहाने लोकांनी ती घरच्या तळ्यांत नेली आणि जास्त झालेली नदीत टाकली. काही वर्षांतच फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत आगबोटी अडकू लागल्या. १८९९ साली अमेरिकी संसदेने लष्कराच्या अभियंता विभागाला जलपर्णी काढण्याचे काम दिले, ते जलवाहतुकीसाठी. पुढे रसायने वापरण्याची मुभा मिळाली आणि सोडियम आर्सेनाइट, म्हणजे सरळ सोमलाचे संयुग, पाण्यावर फवारले जाऊ लागले. काठावरची गुरे ती पाने खाऊन मरू लागली, तेव्हा १९०५ मध्ये फ्लोरिडापुरता एक निर्बंध आला : गुरांना अपायकारक रसायन वापरायचे नाही. माशांबद्दल त्यात काही नव्हते. १९१० मध्ये लुइझियानाचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी तर आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक मांडले. पाणघोडे जलपर्णी खातील आणि लोक पाणघोड्यांचे मांस खातील, असा तो दुहेरी बेत होता. विधेयक मंजूर झाले नाही हे बरेच झाले. पण तण खाणारा प्राणी आणून पाण्यात सोडायचा ही कल्पना मात्र टिकली.

सोमलाचा वापर नद्यांपुरता राहिला नाही. विस्कॉन्सिनमधल्या तलावांत पोहणाऱ्यांच्या आणि होडीवाल्यांच्या सोयीसाठी १९२०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत तो वापरला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास २,४-डी हे तणनाशक आले आणि फवारणी स्वस्त व सोपी झाली. या काळात एक गोष्ट मासेमारांच्या डोळ्यांना दिसत होती. मोठ्या क्षेत्रावरचे तण एकदम मारले की ते तळाशी जाऊन कुजते, कुजताना पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे मरून वर येतात. औषधापेक्षा हे कुजणेच पुष्कळदा जास्त घातक ठरते. आज तणनाशकांच्या वापराच्या सूचनांत तलावाचा एकेक भाग, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून, हाताळायला सांगितलेले असते, ते याच अनुभवातून.

पाण्यावर तरंगणारी जलपर्णी आणि पाण्याखाली मुळे धरून वाढणारी वनस्पती यांत फरक करायला हवा. तरंगणारी चादर दाट झाली की खाली उजेड जात नाही, वारा पाण्याला लागत नाही, प्राणवायू घटतो. बुडालेल्या वनस्पतीचा संसार वेगळा असतो. तिच्या पानांवर सूक्ष्म शैवालाचा थर बसतो, त्यावर गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या जगतात, त्यांवर लहान मासे. कित्येक जाती अंडी याच देठांना चिकटवतात. बोटुकलीला मोठ्या माशापासून लपायला जागा मिळते. पण हीच झाडी फार दाट झाली तर शिकारी माशाला भक्ष्य सापडेनासे होते. लहान मासे वाजवीपेक्षा जास्त संख्येने वाचतात, त्यांना आपसांत अन्न पुरत नाही, आणि तलावभर खुरटलेले मासे दिसू लागतात. शिवाय रात्री झाडेही प्राणवायू घेतात, त्यामुळे दाट झाडीत पहाटेचे पाणी माशांना जड जाते.

हे सारे आज सोपे वाटते, पण ते मोजून पाहायची वेळ आली ती हायड्रिलामुळे. मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५०च्या दशकात फ्लोरिडात पोहोचलेली ही वनस्पती अगदी कमी उजेडातही वाढते, तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा रुजते आणि गाळात कंद ठेवून जाते. कापणीने ती हटत नाही, उलट पसरते. मग पाणघोड्याच्या जागी दुसरा तणखाऊ शोधला गेला, तो म्हणजे आपल्याकडच्या मत्स्यशेतीतला परिचित गवत्या. चीन आणि पूर्व रशियातल्या मोठ्या नद्यांचा हा मासा भारतात १९५९ मध्ये आला, अमेरिकेत १९६३ मध्ये. भारतात त्याच्याकडे मुख्यतः खायचा मासा म्हणून पाहिले गेले, अमेरिकेत पाण्यातले गवत काढणारा गडी म्हणून. पद्धत एकदम नैसर्गिक वाटते, त्यामुळे तिच्यावर विश्वासही पटकन बसतो. माझ्या मते या इतिहासातली सर्वात महागडी समजूत हीच.

टेक्सासमधल्या लेक कॉनरो या सुमारे ८,१०० हेक्टरच्या जलाशयात तिची परीक्षा झाली. हायड्रिलाने मोठा भाग व्यापल्यावर काठावरच्या घरमालकांचा दबाव वाढला. लार्जमाउथ बास हा शिकारी मासा गळाने धरणाऱ्यांचा मात्र विरोध होता. १९८१ आणि १९८२ मध्ये तिथे २ लाख ७० हजार गवत्या सोडले गेले आणि १९८३ पर्यंत पाण्याखालची वनस्पती जवळजवळ नाहीशी झाली. गवत्याला थांबा म्हणता येत नाही. तो वर्षानुवर्षे जगतो, एका मर्यादेपेक्षा जास्त सोडला तर सगळे फस्त करतो, कमी सोडला तर फरकच पडत नाही. अर्धे तण राखायचे असेल तर हा मासा कामाचा नाही. खाल्लेल्यातला बराच भाग तो अर्धवट पचवून पाण्यातच परत टाकतो आणि ते खत शैवालाला मिळते.

कॉनरोत माशांचे काय झाले, याचे उत्तर दोन्ही बाजूंना पचणारे नव्हते. झाडीवर अवलंबून असलेले ब्लूगिलसारखे मासे घटले. उघड्या पाण्यात थव्याने फिरणारे शॅड वाढले. बासची पिल्ले आडोसा गेल्यामुळे किडे खाण्याचा टप्पा लवकर संपवून मासे खाऊ लागली, आणि त्यामुळे सुरुवातीला वेगाने वाढली. तलाव मेला नाही, पण त्यातली माशांची बिरादरी बदलली. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने मासे कुठे असतील हे सांगणारी खूण गेली ते निराळेच, कारण झाडीची कड हीच तर त्याची जागा. पुढे हायड्रिला परत आली आणि २००६ ते २००८ या काळात पुन्हा एक लाखाहून अधिक गवत्या सोडावे लागले. या वेळी ते वांझ होते. १९८०च्या दशकात त्रिगुणित गुणसूत्रांचे वांझ गवत्या तयार करण्याचे तंत्र आले होते, म्हणून निदान ते नद्यांत निसटून प्रजा वाढवण्याची भीती उरली नव्हती. भूक मात्र वांझ माशालाही तेवढीच.

कॉनरोत पहिले गवत्या सोडले गेले त्याच सुमारास, झाडी किती असावी हा प्रश्न प्रयोगशाळेत आणि तळ्यांत विचारला जाऊ लागला. १९८० मध्ये फ्लोरिडातल्या कॉल आणि शायरमन यांनी दाखवले, की हायड्रिला तीस टक्क्यांच्या पुढे गेली की मोठ्या बासचे अंग उतरते. १९८२ मध्ये सॅव्हिनो आणि स्टाइन यांनी हौदात कृत्रिम देठ लावून बास आणि ब्लूगिल सोडले. देठ दाट होत गेले तशी बासची शिकार चुकू लागली. त्याच वर्षी क्राउडर आणि कूपर यांनी तळ्यांत विरळ, मध्यम आणि दाट झाडी ठेवून ब्लूगिलची वाढ पाहिली, ती मध्यम झाडीत सर्वात चांगली निघाली. १९८४ मध्ये टेक्सासच्या जलाशयांच्या तुलनेत असे आढळले, की झाडीचे क्षेत्र वीस टक्क्यांपर्यंत वाढते तोवर बासही वाढतात.

या कामांतून वीस ते चाळीस टक्के हा आकडा रुजला आणि तलाव व्यवस्थापनाच्या पुस्तिकांत मंत्रासारखा फिरू लागला. त्याची अडचण अशी, की तो मुख्यतः एका शिकारी माशावरून आणि एका देशाच्या जलाशयांवरून आलेला आहे. उघड्या पाण्यात प्लवक गाळून खाणाऱ्या कटल्याला झाडीची तेवढी गरज नाही. झाडीतच घर करणाऱ्या मरळीला चाळीस टक्केही कमी वाटतील. टक्केवारी ठरवण्याआधी कोणता मासा, हे ठरवावे लागते, आणि तेच बहुतेक आराखड्यांत नसते.

यंत्राने कापणी करणाऱ्यांनाही हिशेब करावा लागला. फ्लोरिडातल्या ऑरेंज लेकमध्ये हायड्रिला कापून बाहेर काढताना किती मासे सोबत जातात, हे मोजले गेले. १९८०च्या त्या अभ्यासात कापलेल्या क्षेत्रातले संख्येने सुमारे ३२ टक्के आणि वजनाने सुमारे १८ टक्के मासे यंत्राबरोबर काठावर आले. संख्येचा आकडा वजनाच्या आकड्याहून एवढा मोठा, म्हणजे जाणारी पिल्लेच जास्त. पण कापणीत एक गुण आहे, ती नको तिथे थांबवता येते. एकेकाळी सोमल ओतलेल्या त्याच विस्कॉन्सिनमध्ये पुढे काही तलावांत सगळे तण न काढता दाट झाडीतून काठापासून खोल पाण्याकडे अरुंद वाटा कापल्या गेल्या. सुमारे पाचवा हिस्साच झाडी गेली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ब्लूगिल आणि बास या दोघांच्याही काही वयोगटांची वाढ वेगाने झाल्याचे दिसले. क्षेत्र किती यापेक्षा झाडीला कडा किती, हे महत्त्वाचे असावे. शिकारी कडेने फिरतो, भक्ष्य आत राहते, दोघांचेही भागते.

युरोपात गोष्ट उलट्या बाजूने शिरली. उथळ तलावांत खतांचे आणि सांडपाण्याचे पाणी येऊन झाडी नष्ट झाली, पाणी हिरवे-गढूळ झाले, आणि नंतर खते कमी केली तरी ते निवळेना. १९९३ मध्ये मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी याचे स्पष्टीकरण मांडले. उथळ तलावाला दोन स्थिर अवस्था असू शकतात, झाडी असलेली स्वच्छ आणि शैवाल असलेली गढूळ, आणि प्रत्येक अवस्था स्वतःला टिकवते. झाडी गाळ धरून ठेवते, म्हणून पाणी स्वच्छ. पाणी स्वच्छ, म्हणून उजेड खाली जातो आणि झाडी वाढते. ब्रीमसारखे तळ उकरणारे मासे हे चक्र मोडतात. मग नेदरलँड्समधल्या वेलुवे तलावात १९९०च्या दशकात ब्रीमची मोठ्या प्रमाणावर मासेमारी झाली आणि तळाशी कारा जातीच्या वनस्पतींचे गालिचे परतले. इथे तण काढून मासा वाढवायचा नव्हता, मासा काढून तण वाढवायचे होते. उथळ तलावातले सगळे तण काढणाऱ्याने धास्ती घ्यावी ती याची : तलाव गढूळ अवस्थेत उलटला तर त्याच मार्गाने परत येत नाही.

व्हिक्टोरिया सरोवरात १९८०च्या दशकाअखेर जलपर्णी पोहोचली आणि १९९०च्या दशकात किसुमूसारख्या ठिकाणी होड्या धक्क्यावरून निघेनात. जलपर्णी खाणारे सोंडकिडे सोडले गेले आणि १९९८ नंतर ती झपाट्याने ओसरली. श्रेय किड्यांना किती आणि त्या वर्षांच्या एल निनोच्या पावसाळी हवामानाला किती, यावर वाद आहे. पण त्या चादरीखाली हवेतून श्वास घेऊ शकणारे लंगफिश आणि मांगूर जातीतले मासे केनियाच्या बाजूला जास्त मिळू लागले होते. निर्यातीचा नाईल पर्च पकडणाऱ्याचे नुकसान झाले, तर काठाजवळ गळ टाकणाऱ्याला काही काळ बरे दिवस आले.

भारतातले सर्वात गुंतागुंतीचे उदाहरण मणिपूरच्या लोकटाक सरोवराचे. तिथली फुमडी म्हणजे मुळे, माती आणि कुजलेल्या झाडोऱ्याचे तरंगते जाड थर. तिथले मासेमार तण हटवून मासे धरत नाहीत, ते फुमडीचेच वर्तुळ करून, त्यात मासे गोळा होऊ देऊन, मग जाळ्याने घेरतात. या वर्तुळांना अथाफुम म्हणतात. २००६च्या लोकटाक संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आणली आणि २०११ मध्ये फुमडीवरच्या अनेक झोपड्या हटवल्या, जाळल्या गेल्या. सरोवराचा दम फुमडीने कोंडला हे सरकारचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र १९८३ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई बंधारा झाला तेव्हापासून पाणी वर्षभर चढे असते. पूर्वी उन्हाळ्यात फुमडी तळाला टेकून गाळातले पोषण घेत असे आणि पावसाळ्यात तिचे तुकडे वाहून जात. आता ती टेकतही नाही, वाहूनही जात नाही. नदीतून येणाऱ्या माशांची वाटही बंधाऱ्याने अडवली. म्हणून तिथल्या मासेमारांची मागणी फुमडी काढण्याच्या यंत्रांची नाही, इथाईचे दरवाजे उघडण्याची आहे.