चर्चसाठी शेगडी हवी, पण तापवायचं नेमकं काय?

सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावाच्या चर्चसमितीने मला विचारलं की पावसाळ्यासाठी कुठली शेगडी घ्यावी. चर्च लहान आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, समुद्र हाकेच्या अंतरावर. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या राहतात, वेदीच्या लाकडावर बुरशी धरते, बाप्तिस्मा आणि लग्नांच्या जुन्या नोंदवह्यांची पानं एकमेकांना चिकटतात, बाजाच्या पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. गावातलं एक कुटुंब इंग्लंडमध्ये राहतं. तिथल्या त्यांच्या खेड्यातल्या चर्चने लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवला आणि आतली ओलसर थंडी गेली, असं त्यांनी कळवलं होतं. मग इथेही तसंच करावं, असा समितीचा विचार.

विचार अगदी स्वाभाविक आहे. ओल आहे, तर उष्णता द्या. ओले कपडे आपण चुलीजवळच धरतो. पण इंग्लंडमध्ये जी शेगडी हवा कोरडी करते, ती कोकणात आणली तर ओल वाढवू शकते. असं का, हे समजून घेतलं तर चर्चच काय, गावचं देऊळ, शाळेचं कपाट आणि वाचनालयाची खोली यांचाही प्रश्न बराचसा सुटतो.

हवेत किती वाफ मावते हे तापमानावर ठरतं. ५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जेमतेम ७ ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं, २६ अंशांना सुमारे २४ ग्रॅम, ३२ अंशांना ३४ ग्रॅमच्या आसपास. हवेत मावू शकेल त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, ती सापेक्ष आर्द्रता. बुरशी, फुगणारं लाकूड, चिकटणारा कागद हे सगळे या टक्केवारीचं ऐकतात. ती दीर्घकाळ ७५-८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, ६५ च्या खाली ठेवली की सहसा वाढत नाही.

आता इंग्लंडमधला जानेवारी घ्या. बाहेरची हवा ५ अंश, आर्द्रता ९० टक्के. ऐकायला हवा दमट वाटते, पण तिच्यात पाणी आहे फक्त ६ ग्रॅम. ही हवा आत घेऊन १८ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ४० टक्क्यांवर येते. पाण्याचा एक थेंबही न काढता हवा कोरडी झाली. उलट तिथे ती जास्तच कोरडी होते. लाकडी मूर्तींना आणि फळ्यांवरच्या जुन्या चित्रांना भेगा जातात. गोल्ड्सवर्दी गर्नी या इंग्रज संशोधकाने १८५६ मध्ये पेटंट घेतलेला ओतीव लोखंडाचा स्टोव्ह इंग्लंडमधल्या अनेक मोठ्या कॅथीड्रलांत बसला. त्याच्या नळकांड्याला बाहेरून उभ्या पट्ट्या असत, म्हणजे हवेला उष्णता देणारा पृष्ठभाग वाढे, आणि त्या पट्ट्यांचा तळ पाण्याच्या पन्हळीत बुडालेला असे. तापलेल्या हवेत थोडी वाफ मिसळावी म्हणून मुद्दाम केलेली ही सोय.

आपल्याकडचा जुलै वेगळा. बाहेर २६ अंश आणि ९० टक्के. या हवेत घनमीटरमागे २२ ग्रॅम पाणी आहे, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या हवेच्या साडेतीन पट. निव्वळ तापवून ती ६५ टक्क्यांवर आणायची तर चर्चच्या आतलं तापमान ३२ अंशांवर न्यावं लागेल, आणि तेही चोवीस तास, चार महिने. जुलैत बंद दारांआड ३२ अंशांत मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, बसायची कल्पना करून पाहा. माणसं घामाने भिजतील, आणि प्रत्येक माणूस श्वासाने व घामाने तासाला ४०-५० ग्रॅम तरी पाणी हवेत टाकतच असतो. दोनशे माणसांची मिस्सा म्हणजे तासाला आठ-दहा लिटर.

हे झालं उष्णतेचं. जळणाचं पाणी अजून धरलेलंच नाही.

गॅस, रॉकेल, लाकूड या सगळ्यांत हायड्रोजन असतो. जळताना त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाणी तयार होतं. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. १ किलो गॅस पूर्ण जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ निघते. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून अशी बावीस लिटर पाण्याची वाफ बाहेर पडते. एक लिटर रॉकेलातून जवळपास एक लिटर पाणी निघतं. लाकूड वाळलेलं असेल तर किलोमागे अर्धा लिटर, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड वाळलेलं कुठे असतं! जळणाची ओल त्यात वेगळी मिळवा.

धुराडं नसलेला गॅसचा हीटर बंद चर्चमध्ये लावला तर काय होईल? हे चर्च पन्नास फूट लांब, पंचवीस फूट रुंद, वीस फूट उंच आहे, म्हणजे आत साधारण ७०० घनमीटर हवा. एक किलो गॅस जळला की घनमीटरमागे दोन ग्रॅमहून जास्त पाणी वाढलं. त्यामुळे दव धरण्याचं तापमान, म्हणजे ज्याहून थंड भिंतीवर वाफेचं पाणी होतं ते, २४ अंशांवरून २६ च्या जवळ जातं. जाड जांभ्याची भिंत हवेइतक्या लवकर तापत नाही. ती २५ अंशांवर असेल तर आधी जिच्यावर दव धरत नव्हतं, तिच्यावर आता धरेल. कौलांच्या फटींतून थोडी वाफ निघून जाईल, पण मग उष्णताही त्याच वाटेने जाईल. हवा तापली म्हणून माणसांना बरं वाटेल आणि भिंत मात्र अधिक भिजेल.

कोळशाची शेगडी वाफ फारशी सोडत नाही, म्हणून ती कुणीतरी सुचवतंच. बंद जागेत ती कधीही पेटवू नये. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातो. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. या बाबतीत माझं मत ठाम आहे: जिथे लहान मुलं आणि म्हातारी माणसं दारं लावून बसणार, तिथे धुराड्याशिवाय कुठलंही जळण नको.

मग धुराड्याचा स्टोव्ह? त्याची वाफ आणि धूर बाहेर जातात, हे खरं. पण धुराडं जितकी हवा बाहेर ओढतं तितकीच बाहेरची हवा दारा-खिडक्यांतून आत येते. इंग्लंडमध्ये आत येणारी ती हवा ६ ग्रॅमची, आपल्याकडे २२ ग्रॅमची.

युरोपातही आता अख्खं चर्च तापवण्याचा हट्ट कमी होतो आहे. एवढ्याच आकाराचं, दोन फूट जाड दगडी भिंतींचं चर्च धरा. भिंतींचं वजनच साडेतीनशे टनांच्या घरात जातं. तो दगड आतपर्यंत १० अंशांनी तापवायला आठशे युनिटांहून अधिक ऊर्जा लागते. वाळलेल्या लाकडाच्या चांगल्या स्टोव्हमधून किलोमागे तीनेक युनिट उष्णता मिळते, म्हणजे अडीचशे किलोहून जास्त लाकूड. घरगुती स्टोव्ह ५ ते ८ किलोवॅटचा असतो. रविवारच्या दोन तासांत तो दगडाला जाणवणारही नाही, आणि तापलेली हवा छताला जाऊन बसेल. इटलीच्या डोलोमाइट पर्वतातल्या रोक्का पिएतोरे या गावी संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. बाकांनाच कमी तापणारे विजेचे पातळ थर बसवले. पाय, मांड्या, हात यांना ऊब, आणि चर्चची हवा जवळपास तशीच. चर्चमधल्या उष्णतेसाठी युरोपात २०११ सालापासून स्वतंत्र मानक आहे. त्यात माणसांच्या सोयीइतकंच इमारतीच्या आणि आतल्या वस्तूंच्या प्रकृतीला महत्त्व आहे.

रविवारपुरतं तापवण्याचा आणखी एक तोटा आहे, आणि किनाऱ्यावरच्या इमारतींना तो सगळ्यात जास्त बाधतो. समुद्राकडच्या भिंतीत मीठ असतं. वाऱ्याबरोबर येतं, खाऱ्या वाळूच्या गिलाव्यातून येतं, जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीतून येतं. आपलं साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि त्याखाली पुन्हा खडे धरतं. म्हणूनच दर पावसाळ्यात भिंतीवर त्याच जागी तोच डाग उमटतो, वरून गळत नसलं तरी. शेगडी लावली की मीठ सुकतं, विझवली की विरघळतं. दर वेळी खडे धरताना ते गिलाव्याच्या बारीक छिद्रांत दाब देतं आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. चार महिने संथपणे ओली राहिलेली भिंत जितकी झिजणार नाही, तितकी ही आठवड्याला एकदा सुकणारी-भिजणारी भिंत झिजेल.

म्हणून चर्चच्या मोठ्या दालनासाठी शेगडी घेऊच नका, असं मी समितीला सांगितलं. तिथे उपाय पाणी अडवण्याचा. पन्हळी साफ करणं, पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब नेणं, पश्चिमेच्या भिंतीला पूर्वीसारखी झावळ्यांची झापं बांधणं. जांभा सच्छिद्र दगड आहे. जोरकस झडीत तो भरपूर पाणी पितो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला, आणि उघडा पडलेला तिथला जांभा आजही पावसाचा मार खातो आहे. आपल्या चर्चवर चुन्याचा गिलावा शिल्लक असेल तर तो जपावा. सिमेंटचा जाड थर देऊ नये, कारण भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून सहज बाहेर पडत नाही. बाकं आणि कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, पंखे मंद चालू ठेवावेत. हलती हवा बुरशीला सहसा रुजू देत नाही.

उष्णता हवीच असेल तर ती वस्तूंना द्यावी. कोकणातल्या घरांना हे कधीपासून ठाऊक आहे. चुलीवरच्या शिंक्यात आमसुलं, सुके बांगडे, बियाणं टांगलेलं असे. घर ओलं राहिलं तरी ती दोन हात जागा कोरडी असे. चर्चमध्ये ती जागा म्हणजे एक लोखंडी कपाट. आतली हवा बाहेरपेक्षा पाच अंशांनी जास्त ठेवली, म्हणजे २६ च्या ठिकाणी ३१, की ९० टक्क्यांची आर्द्रता ६८ वर येते. ६५ नव्हे, पण बुरशीच्या पट्ट्याखाली. याला पूर्वी २५ किंवा ४० वॅटचा पिवळा दिवा पुरत असे. आता कपाटात बसवायच्या कमी तापमानाच्या हीटर-दांड्या मिळतात. दांडी तळाशी लावायची, खाली आणि वर दोन-तीन लहान भोकं ठेवायची म्हणजे कागदातून सुटलेली ओल वरून निघून जाते, आणि वह्या दांडीपासून वीतभर दूर ठेवायच्या. नोंदवह्या, मिस्सेचे झगे, पेटी यांना एवढं पुरतं.

वीज जाते तेव्हासाठी कपाटात चुनकळीचा, म्हणजे न भिजवलेल्या चुन्याच्या खड्यांचा, डबा ठेवावा. तीन किलो चुनकळी जवळपास एक किलो पाणी धरते. डबा अर्धाच भरायचा, कारण चुना फुलतो. मुलांच्या हाती लागू द्यायचा नाही आणि त्यावर थेट पाणी पडू द्यायचं नाही, कारण चुनकळी पाण्याने उकळते आणि भाजते. सिलिका जेलही चालतं. ते आपल्या वजनाच्या पावपट पाणी धरतं आणि ११०-१२० अंशांवर तापवलं की पुन्हा वापरता येतं.

वेदीमागची दहा बाय दहाची खोली नीट बंद होत असेल तर तिथे हवेतलं पाणी काढणारं विजेचं यंत्र शोभेल. खोलीत २८ घनमीटर हवा. फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलली तरी दिवसाला चारेक लिटर पाणी काढावं लागेल, आणि ते लहान यंत्राच्या आवाक्यातलं आहे. हाच हिशेब ७०० घनमीटरला लावला तर दिवसाला शंभर लिटर होतात, तेही दारं सतत बंद धरून. कौलारू छताखाली हवा तासाला एकदाच बदलत नाही, कितीतरी वेळा बदलते. मोठ्या दालनात असं यंत्र लावणं म्हणजे पैसे वाया.

यातलं काहीही विकत घेण्याआधी आर्द्रतामापक घ्यावा. स्वस्त मापक बरेचदा चार-पाच टक्क्यांनी चुकतो, म्हणून घरीच तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, ओलसर लगदा होईल इतकंच पाणी घालायचं, आणि झाकण व मापक एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवायचे. मिठाच्या त्या लगद्यावर हवा ७५ टक्क्यांवरच स्थिरावते, तापमान थोडं कमी-जास्त असलं तरी. सकाळी मापकाने ७१ दाखवलं तर पुढे चार मिळवून वाचायचं. मग तो आठवडाभर नोंदवह्यांच्या कपाटात ठेवायचा, आठवडाभर वेदीजवळ, आणि आकडे रोज सकाळ-संध्याकाळ लिहून काढायचे. कपाटातला आकडा ७० च्या खाली राहत असेल तर हीटर-दांडीचीही गरज नाही.