1981 सालचे दोन विजेते

अमेरिकेत नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की ती बर्फावरची. आपल्या ओळखीची ती ‘फील्ड हॉकी’, आणि कॉलेजांत ती जवळजवळ मुलींचीच. 1901 च्या उन्हाळ्यात एका इंग्रज शिक्षिकेने हार्वर्डला ती खेळून दाखवली, मग पूर्वेकडच्या मुलींच्या कॉलेजांत फिरून शिकवली. कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू व्हायला मात्र 1975 उजाडलं.

ती स्पर्धा महिलांनीच चालवलेल्या संघटनेची होती. पहिली चारही विजेतेपदं पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर कॉलेजने नेली. आज जी अधिकृत यादी दाखवतात तिच्यात त्यांतलं एकही नाही. ती 1981 च्या कनेटिकट विद्यापीठापासून सुरू होते.

हे घडलं कसं, ते नीट सांगायला हवं. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी आली. पुरुषांचे खेळ चालवणाऱ्या बड्या संघटनेने त्याच्या नियमांना कडाडून विरोध केला, 1976 मध्ये कोर्टही गाठलं. जानेवारी 1981 मध्ये मायामीच्या अधिवेशनात मात्र तिच्यापुढेच ठराव आला, की पहिल्या श्रेणीच्या महिला स्पर्धा आपणच घ्यायच्या. मतं समसमान पडली. पुन्हा मोजणी झाली तेव्हा ठराव एका मताने पडला. तिथे विषय संपायला हवा होता, पण तो परत उघडून मंजूर करून घेतला गेला. या संघटनेकडे पैसा होता: संघांचा प्रवासखर्च ती देणार, वर वेगळी वर्गणी नाही. महिलांच्या संघटनेला हे झेपणारं नव्हतं.

त्या मोसमात दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. जुनी पेन स्टेटने जिंकली. नवीत कनेटिकटने मॅसॅच्युसेट्सला 4-1 हरवलं. महिलांच्या संघटनेने बड्या संघटनेवर मक्तेदारीचा दावा लावला, पण 1982 मध्ये तिचं काम थांबलं आणि 1983 मध्ये दावाही फेटाळला गेला. पुढे पेन स्टेट 2002 आणि 2007 च्या अंतिम सामन्यांत हरलं; 1980 आणि 1981 ची त्यांची दोन्ही विजेतेपदं यादीबाहेरच आहेत. मैदानात घाम गाळून मिळवलेलं विजेतेपद आयोजक बदलला म्हणून पुसलं जावं, हे मला पटत नाही. पैसा आला, सोयी आल्या, हे खरंच. पण 1972 मध्ये मुलींच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांत 90 टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या; पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं.

नंतरचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. आधी ओल्ड डोमिनियनची नऊ विजेतेपदं, मग नॉर्थ कॅरोलायनाची 2023 पर्यंत अकरा. गवत जाऊन कृत्रिम हिरवळ आली, 2019 पासून 35 मिनिटांच्या दोन अर्धांऐवजी 15 मिनिटांचे चार भाग. 2023 चं विजेतेपद शूटआउटवर मिळालं तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाची प्रशिक्षक 23 वर्षांची होती. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात विजयी गोल तिनेच मारला होता. तिच्या आधीच्या प्रशिक्षिका 1981 मध्ये तिथे रुजू झाल्या, 42 मोसम राहिल्या आणि दहा विजेतेपदं मिळवून निवृत्त झाल्या. खेळाडू म्हणून त्या वेस्ट चेस्टरच्या त्याच विजेत्या संघात होत्या.