ओल्या मातीत तहानलेली अझेलिया

पानझडी अझेलिया (हे फुलांचं झुडूप) उष्ण, दमट हवेत लावली आणि पहिल्याच उन्हाळ्यात गेली, की निदान ठरलेलं असतं: थंड प्रदेशातलं झाड, ऊन सोसलं नाही. मला हे निदान अपुरं वाटतं. अशा झाडाच्या बुंध्याशी बोट घालून पाहा. माती बरेचदा चांगली ओली असते आणि वर पानांनी माना टाकलेल्या असतात. मलूल पानं दिसली की आपला हात झारीकडे जातो, आणि तिथेच घात होतो. झाड उपटल्यावर मुळं तपकिरी, मऊ झालेली दिसतात. ते गुदमरून मेलेलं असतं.

अझेलिया ही ऱ्होडोडेंड्रॉन प्रजातीतली, म्हणजे हिमालयातल्या बुरांश या फुलझाडाची नातलग. सदाहरित अझेलियांत खरा पिवळा रंग सापडत नाही. तो आणि केशरी ज्वाळांसारख्या छटा पानझडी गटाच्या. त्यांचे नावाजलेले संकर एकोणिसाव्या शतकापासून बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये झाले. इंग्लंडमधल्या एक्सबरी इथे लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड यांनी १९२०च्या दशकापासून वाढवलेले संकर आजही त्या गावाच्या नावानं ओळखले जातात. तिथला उन्हाळा सौम्य, रात्री गार. निवड झाली ती त्या हवेत टिकणाऱ्या रोपांची.

आता मुळांकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. मुळंही श्वास घेतात. साखर जाळायला त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्यानं भरल्या की पंचाईत होते, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. त्यात उष्णतेची भर. १० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. याउलट श्वसनाचा वेग दर १० अंशांनी साधारण दुप्पट होतो. म्हणजे मुळांची गरज चौपट आणि साठा दोन तृतीयांश!

मग दमटपणाचा काय संबंध? कोरड्या उष्णतेत पानं भराभर बाष्प सोडतात, माती लवकर सुकते, पोकळ्यांत पुन्हा हवा शिरते. हवाच बाष्पानं भरलेली असेल तर पानांतून पाणी बाहेर पडणं मंदावतं आणि माती दिवसेंदिवस ओली राहते.

ऑक्सिजन संपला की मूळ किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनविना साखर मोडण्यावर, येतं. एका ग्लुकोज रेणूतून ऊर्जेची, म्हणजे एटीपीची, तिसाच्या आसपास नाणी मिळत होती, ती दोनवर येतात. पेशीतला द्रव आम्लधर्मी होऊ लागतो. पेशींच्या पडद्यांत पाणी आत घेणारी प्रथिनांची दारं असतात, त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. या आम्लतेमुळे दाराच्या प्रथिनातल्या हिस्टिडिन नावाच्या एका ठरावीक अमिनो आम्लाला प्रोटॉन चिकटतो आणि दार मिटतं. भोवती पाणीच पाणी, पण मुळाला ते आत घेता येत नाही. पानं मलूल होतात ती म्हणून. मला हे वनस्पतिशास्त्रातलं एक विलक्षण दृश्य वाटतं. अझेलियाची मुळं तर केसासारखी बारीक, उथळ आणि मूलरोम (पाणी शोषणारे सूक्ष्म केस) नसलेली; त्यांच्यात राहून अन्न मिळवून देणाऱ्या कवकांनाही ऑक्सिजन लागतोच.

किण्वनातून इथेनॉल झिरपतं आणि त्याच्या वासावर फायटोप्थोरा हा मुळं कुजवणारा सूक्ष्मजीव येतो. हा खरा कवक नव्हे. तपकिरी शैवालांचा दूरचा भाऊबंद. त्याची जी जाती अझेलियाला छळते, तिचं वर्णन १९२२ मध्ये सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवरून झालं. त्याचे बीजाणू दोन कशाभिकांच्या, म्हणजे चाबकासारख्या शेपट्यांच्या, जोरावर पाण्यातून पोहत मुळापर्यंत पोहोचतात. माती जितकी ओली आणि कोमट, तितकं त्यांचं फावतं.

यावर एप्सम सॉल्ट, कॉफीचा चोथा असे ‘जादुई’ उपाय फिरत असतात. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियमची कमतरता नसेल तर त्याचा उपयोग शून्य, आणि मातीचा सामूही (pH) त्यानं खाली येत नाही. कॉफीचा बारीक चोथा थरानं टाकला तर चिकटून बसतो आणि हवेच्याच वाटा बुजवतो.

खरा उपाय अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडला. अलाबामातल्या मोबील शहरात वर्षाला सुमारे १६५० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथले युजीन अरोमी हे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी मोठ्या फुलांचे एक्सबरी संकर आणि दक्षिणेतल्या रानटी अझेलिया यांचे शेकडो संकर केले. त्यांत मुख्य होती फ्लोरिडा फ्लेम, ओढ्याकाठच्या जंगलात वाढणारी, सुगंधी, पिवळ्या-केशरी फुलांची. आता निवड झाली ती मोबीलच्या उन्हाळ्यात तगणाऱ्या रोपांची. दमट हवेत लावायची तर हीच घ्यावीत.

लावताना मुळांच्या गोळ्याचा वरचा एक तृतीयांश भाग जमिनीच्या वर ठेवावा. पाइनच्या सालीचे जाड तुकडे आणि माती यांचा उंचवटा करावा. सकाळचं ऊन, दुपारी सावली. पाणी अजिबात तोडूनही चालत नाही, कारण पुढच्या वसंतातल्या कळ्या याच उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकांना तयार होत असतात. बोट दोन पेरं आत घालायचं. ओल लागली, तर पानं कितीही मलूल दिसोत, झारी खाली ठेवायची.